पायवाटेवरची गोपद्मं : रिक्सियाशी ओळख करून घेताना

चातुर्मासात आजी उंबऱ्याशी रोज ३३ गोपद्मं काढायची. गायीच्या खुराचा ठसा : दोन पाकळ्या आणि मधून एक रेघ. त्याच दिवसांत, त्याच उंबऱ्यापासून दहा पावलांवर, ओल्या मातीत तशाच आकाराची हिरवी गोपद्मं आपोआप उमटलेली असायची. आमच्या घरात त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही, पन्नाशी गाठेपर्यंत.

मग एका श्रावणात सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, माळीकाका खुरप्याने हिरवा थर खरवडत होते. "काका, काय काढताय?" "शेवाळ हो ताई, पाय घसरतो त्यावर." ढिगातून एक चकती मी उचलली. रुपयाच्या नाण्याएवढी, मधून सगळीकडे फुटत गेलेली, प्रत्येक फाट्याच्या टोकाला खुराचा ठसा. मॉसची मखमल नव्हती आणि पाण्यातल्या शेवाळाचा बुळबुळीतपणाही नव्हता.

तिचं नाव रिक्सिया हे ठामपणे सांगता यायला मला तीन पावसाळे लागले. त्यातला दीड पावसाळा निव्वळ वाया गेला : चुकीच्या वनस्पतीच्या मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कुजलेल्या नमुन्यांत आणि मोबाइलच्या ॲपवर विश्वास ठेवण्यात. तुमचं काम एका पावसाळ्यात व्हावं म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी नावांचा गुंता सोडवा

मराठीत आपण 'शेवाळ' हा एकच शब्द चार-पाच वेगळ्या गोष्टींना वापरतो, आणि पहिली गफलत तिथेच होते. हौदातले हिरवे तंतू म्हणजे शैवाल. भिंतीवरची हिरवी मखमल म्हणजे मॉस, मराठी पुस्तकांत तिला हरिता म्हणतात. झाडाच्या सालीवरचा राखाडी पापुद्रा म्हणजे लायकेन; बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार. गोडा मसाल्यातलं दगडफूल हे त्यातलंच, त्यामुळे ते 'वाळलेलं शेवाळ' आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. शेवळं ही आणखी वेगळी, ती पावसाच्या तोंडावर बाजारात येणारी रानभाजी.

आपली रिक्सिया यातली कुणीच नाही. ती यकृतका आहे. शाळेत 'वनस्पतीसृष्टीतले उभयचर' म्हणून ब्रायोफायटा शिकलो होतो, त्या गटातली. जमिनीवर राहायचं, पण पुनरुत्पादनासाठी पाण्याचा पातळ थर लागणारच, म्हणून उभयचर. जगात यकृतकांच्या सात हजारांवर जाती आहेत. त्यांतल्या बहुतेकींना बारीक पानं असतात. रिक्सियाला पानं नाहीत, खोड नाही, खरी मुळंही नाहीत. मातीला चिकटलेला एक चपटा हिरवा देह, त्याला कायक म्हणतात.

'यकृतका' हे नाव युरोपातल्या जुन्या समजुतीतून आलं. वनस्पतीचा आकार ज्या अवयवासारखा, त्या अवयवाचं ती औषध, असं तिथे मानत. काहींचा चपटा पाळीदार देह यकृतासारखा दिसला आणि नाव चिकटलं. यावरून कुणी तुम्हाला काविळीवर हिचा रस सुचवला तर नम्रपणे विषय बदला. रिक्सिया हे नाव फ्लॉरेन्सचा वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याने १७२९ मध्ये रिच्ची या आपल्या समकालीनाच्या सन्मानार्थ ठेवलं. म्हणजे खरा उच्चार रिच्चिया व्हायला हवा. पण आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या रिक्सियाच म्हणतात, तर मीही तेच म्हणते.

भारतात यकृतकांचा पद्धतशीर अभ्यास उभा केला तो लाहोरच्या शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांनी. ते हिमालय पायी हिंडले. आपल्याला सोसायटीच्या टाकीमागे जायचं आहे, तेव्हा कुरकुर नको.

२. सोबत काय घ्याल

महागडं काही लागत नाही. मी आधी मोठा कॅमेरा घेतला आणि भिंग नंतर; उलट करा.

- दहापट मोठं दाखवणारं हातभिंग. सोनारांकडे असतं तसलं, दुमडून खिशात मावणारं. काही शे रुपयांत मिळतं.
- पाण्याची फवारणीची बाटली. सुकून आक्रसलेली चकती ओली केली की काही मिनिटांत उलगडते.
- जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या, आणि पेन्सिल. पेनाची शाई पावसात पसरते.
- टोकदार चाकू किंवा जुनं ब्लेड.
- आलेख-कागदाची बोटभर पट्टी, पारदर्शक चिकटपट्टीत गुंडाळलेली. फोटोत मापासाठी रुपया ठेवायची सवय सगळ्यांना असते. पण रुपयाची नाणी वेगवेगळ्या आकारांची आहेत, आणि दोन वर्षांनी तुम्हाला आठवत नाही की ते नाणं कोणतं होतं.
- खताचं रिकामं पोतं, गुडघ्याखाली घ्यायला. हसू नका, यादीतली सर्वांत उपयोगी वस्तू हीच आहे.

भिंग वापरायची रीत कुणी सांगत नाही म्हणून सांगते. शेरलॉक होम्ससारखं हात लांब करून बघायचं नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि मग आपण वस्तूजवळ जायचं, साधारण अडीच सेंटिमीटरवर येईपर्यंत. म्हणजे नाक मातीला लागायच्या बेतात असतं. यासाठी पोतं.

कागदपत्रांचं थोडक्यात : स्वतःच्या अंगणात, कुंडीत काही लागत नाही. दुसऱ्याच्या शेतात मालकाला विचारा. 'शेवाळ बघायला आलेय' म्हटल्यावर आधी हसतात, मग चहा देतात. राखीव जंगलात आणि अभयारण्यात मात्र वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय चिमूटभरही उचलायचं नाही. वन विभागाकडे अर्ज करताना ओळखपत्र, तुम्ही ज्या संस्थेशी जोडलेले असाल तिचं पत्र, आणि कुठून, किती, कशासाठी हे एका पानात लिहून न्या. हौशी माणसाला परवानगी मिळणं सोपं नाही आणि खरं तर तिची गरजही नाही. फोटोवर भागतं. देवराईत तर विचारायच्या भानगडीतही पडू नका, फक्त पाहा.

३. कधी आणि कुठे

मृगाचा पाऊस पडला की लगेच धावू नका. माती नीट भिजून आठ-दहा दिवस जाऊ द्या. आर्द्रा-पुनर्वसूत, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यात, पहिल्या चकत्या दिसू लागतात. तेव्हा त्या मसुराच्या दाण्याएवढ्या असतात. आश्लेषा-मघा उजाडेपर्यंत एक-दोन सेंटिमीटर होतात. भरलेली, पिकलेली रिक्सिया बघायची तर भाद्रपद उत्तम. हस्ताचा पाऊस ओसरला की ती मावळू लागते.

जागा शोधताना नवखे लोक जंगलात जातात. ही चूक मीही केली, पावसाळी सहलीला निघाल्यासारखी ताम्हिणीला गेले आणि दिवसभर मॉस बघून परतले. दाट सावली आणि पालापाचोळा रिक्सियाला मानवत नाही. तिला उघडी, चोपलेली, ओली माती हवी, जिथे गवत अजून पोहोचलेलं नाही. पायवाटेची कड. भाताच्या बांधाची उतरती बाजू. शाळेच्या मैदानाचा कोपरा. देवळामागची पाणी ठिबकणारी जागा. गुलाबाची कुंडी. कोकणात सड्यावर, जांभ्याच्या खळग्यात साचलेली बोटभर माती. गायीगुरांच्या वाटेवर खुराच्या ठशात पाणी साचतं आणि त्याच्या काठानेही ती उगवते, गोपद्मात गोपद्म.

हिवाळ्यातली एक जागा आहे : तळ्याचं किंवा नदीचं पाणी मागे हटलं की उघडा पडलेला गाळ. तिथे काही वेगळ्या जाती येतात, स्पंजासारख्या फुगीर. पण ते दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

आणि मत्स्यपालनाच्या हौशी लोकांना हे वाचून काहीतरी आठवलं असेल. काचेच्या टाकीत दगडाला दोऱ्याने बांधतात ती 'रिक्सिया' हीच का? घराणं तेच. ती रिक्सिया फ्लुइटान्स, पाण्यावर तरंगणारी, बारीक फाट्याफाट्यांची. मातीवरच्या बहिणीशी तिचं रूप इतकं कमी जुळतं की तिच्यावरून ही ओळखता येणार नाही.

४. गुडघे टेका आणि या पाच गोष्टी तपासा

उभ्याने रिक्सिया ओळखता येत नाही. पोतं पसरा.

पहिली, चकती. एकाच मध्यातून फाटे निघून गोल पसरलेले असतात. दाटीत वाढली तर गोल मोडतो, म्हणून कडेची सुटी चकती शोधा.

दुसरी, फाटा फुटायची रीत. प्रत्येक फाटा टोकाला दोन सारख्या भागांत दुभंगतो, ते पुन्हा दोनांत. एक मोठा आणि एक लहान असं सहसा नसतं.

तिसरी, पन्हळ. प्रत्येक फाट्याच्या पाठीवर मधोमध खोलगट रेघ असते, टोकाकडे सर्वांत ठळक. कौलारू घराच्या पन्हळीसारखी. गोपद्माची मधली रेघ ती हीच. नर आणि मादी अवयव याच पन्हळीच्या तळाशी देहात बुडालेले असतात, आणि पावसाचं पाणी याच पन्हळीत थबकतं. नर पेशींना पोहून मादी पेशीपर्यंत जावं लागतं. पन्हळ ही त्यांची नदी म्हणा ना.

चौथी, खालची बाजू. एकच फाटा अलगद उलटा करा. पांढऱ्या केसांसारखे मूलाभ दिसतील, मातीचे कण घट्ट धरून बसलेले. कडेला बारीक खवले, काही जातींत जांभळे. मूलाभ दोन प्रकारचे असतात : काहींच्या भिंती गुळगुळीत, काहींच्या आत खुंट्यांसारखे उंचवटे. ते भिंगाला दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शक लागतो.

पाचवी, काळे ठिपके. श्रावण-भाद्रपदात चकतीच्या मध्याकडे, देहाच्या आतच, मोहरीहून लहान काळपट ठिपके दिसतात. त्या पिकलेल्या बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या थैल्या. ना दांडा, ना छत्री, ना शिंग. सगळं पोटातच. हे दिसलं की तुमची खात्री नव्वद टक्के झाली.

५. इथे फसाल

मी जिथे जिथे पडले त्या क्रमाने लिहिते.

*अँथोसिरॉस.* माझी पहिली 'रिक्सिया' ही होती. वहीची अकरा पानं भरली, चित्रं काढली, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिला शिंगं फुटली! उभ्या, हिरव्या, सुईसारख्या काड्या. शिंगं यायच्या आधी तीही गोल चकतीच असते. फरक असा : तिचा हिरवा रंग जास्त गडद, पृष्ठभाग तेल लावल्यासारखा, आणि पाठीवर पन्हळ नाही. उजेडावर धरली तर आत गडद निळसर ठिपके दिसतात, त्या नॉस्टॉक या नीलहरित जीवाणूच्या वसाहती. ती यकृतकाही नाही, ब्रायोफायटातलाच वेगळा गट.

*नॉस्टॉक स्वतः.* पावसानंतर मैदानात जेलीसारखे, शेवाळी-तपकिरी लगदे. बोटाने दाबलं की सरकतात. रिक्सिया सरकत नाही, ती मातीला धरून असते.

*नेच्याचं बाळरूप.* नेच्याच्या बीजाणूपासून आधी एक बदामाच्या आकाराचं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ पान उगवतं, जेमतेम काही मिलिमीटरचं. एकच खाच आणि एकच बदाम. पुन्हापुन्हा फाटे नाहीत.

*सायथोडियम.* घाटातल्या दरडीच्या कपारीत, विहिरीच्या आत, अंधाऱ्या जागी पोपटी चकाकणारी. तिला स्वतःचा प्रकाश नसतो, बाहेरचा उजेड परतवते. इतकी पातळ की बोट लावताच फाटते. जागा अंधारी असेल तर रिक्सियाचा विचार सोडून द्या.

*प्लॅजिओकाझ्मा, ॲस्टरेला वगैरे मंडळी.* दगडी भिंतीवर, गडाच्या तटावर असतात. आकाराने मोठ्या, जाड, चामड्यासारख्या. भिंगातून पाठीवर बारीक छिद्रं ठिपक्यांसारखी दिसतात. रिक्सियाला अशी ठळक छिद्रं नसतात.

*मर्केंशिया.* पाठ्यपुस्तकातली नायिका. पाठीवर छोटे पेले, आणि पुढे छत्र्या. थंड हवेच्या ठिकाणच्या रोपवाटिकांमधून रोपांबरोबर घरी येते. पेला दिसला की प्रश्न मिटला.

*मोबाइलचं ॲप.* ते दरवेळी काहीतरी नाव सांगतंच, हाच त्याचा दोष. माझ्या एकाच चकतीला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं नाव मिळालं आहे. 'यकृतका' इथवर त्याचं ऐका, त्यापुढे नाही.

६. घरी आणायची तर

एका जागी वीस चकत्या असतील तरच एक घ्या. तीही अर्धी चालते. चाकूने खालच्या चार-पाच मिलिमीटर मातीसकट उचला. नुसती ओढली तर मूलाभ तुटतात. कागदाच्या पुडीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली माझी पहिली तुकडी दुसऱ्या दिवशी काळी पडली आणि डब्यातल्या विसरलेल्या भाजीसारखा वास सुटला.

पुडीवर तिथल्या तिथे लिहा : तारीख, गाव आणि जागा, माती की दगड, ऊन की सावली, शेजारी काय उगवलं होतं. घरी गेल्यावर लिहू म्हणाल तर लिहिणार नाही, हे मी अनुभवाने सांगते.

सावलीत, हवेशीर जागी वाळू द्या. फुलांसारखं दाबायची गरज नाही. वाळलेली चकती पुढे कधीही पाण्यात टाकली की बरीचशी पूर्वीच्या आकारात येते, आणि हीच हिच्या अभ्यासातली मोठी सोय.

जिवंत ठेवायची तर पसरट बशीत बागेची माती, वरून फवारा, अर्धवट ऊन. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. पावसाचं साठवलं असेल तर त्याहून बरं.

७. सूक्ष्मदर्शक मिळाला तर

हा टप्पा ऐच्छिक आहे, पण जात ठरवायची तर टळत नाही. रिक्सियाच्या जगात दोनशेहून अधिक जाती आहेत. सह्याद्रीच्याच नावाची एक, रिक्सिया सह्याद्रिका, पश्चिम घाटातून वर्णन झालेली आहे. बाहेरच्या रूपावरून त्या वेगळ्या करणं तज्ज्ञांनाही अवघड जातं. त्यांची बोटांच्या ठशांसारखी ओळख असते बीजाणूंवर.

आधी आडवा काप घ्या. चकतीचा तुकडा गाजराच्या फोडीत चीर पाडून धरा आणि ब्लेडने गाजरासकट पातळात पातळ काप करा. वीस केलेत तर दोन बरे निघतील. पाण्याच्या थेंबात ठेवून बघा : वरच्या अर्ध्यात हिरव्या पेशींचे उभे खांब, एकावर एक रचलेले, आणि दोन खांबांत हवेची अरुंद बोळ. खालच्या अर्ध्यात रंगहीन, साठवणीच्या पेशी. वर स्वयंपाकघर आणि खाली कोठार.

मग काळा ठिपका सुईने फोडा. बीजाणू बाकी यकृतकांच्या मानाने मोठे असतात, भिंगालाही काळ्या कणांसारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर जाळी, कंगोरे, काटे असं नक्षीकाम दिसतं. त्याचा फोटो काढा, माप लिहा. पुढे कुणा जाणकाराला दाखवायला हेच लागतं.

एक गंमत इथे कळली. बीजाणू बाहेर पडायला रिक्सियात काही यंत्रणाच नाही. मर्केंशियात बीजाणू उधळणारे पीळदार धागे असतात, उंच छत्री असते. रिक्सियात आईचा देह कुजला की बीजाणू मातीत पडतात, एवढंच. पुढचा प्रवास वाहत्या पाण्याने, नाहीतर चिखलाबरोबर. गुरांच्या खुरांना, आपल्या चपलांना. म्हणून पायवाट!

८. ही करते काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, बहुधा 'बरं, पण उपयोग काय?' अशा सुरात.

मे महिन्यात तापलेली उघडी माती डोळ्यांसमोर आणा. पहिल्या सरींचे टपोरे थेंब तिच्यावर आदळतात, कण उडवतात, आणि गढूळ पाणी ते कण घेऊन उताराला लागतं. गवत उगवून मुळं धरेपर्यंत मधे काही आठवडे जातात. त्या मधल्या काळात मातीचा सर्वांत वरचा थर कोण धरतं? शैवाल, नॉस्टॉक, मॉस आणि रिक्सियासारख्या यकृतका. सगळ्या मिळून मातीवर एक जिवंत पापुद्रा तयार करतात. थेंबाचा मार हिरव्या देहावर बसतो आणि खाली मूलाभ कण बांधून ठेवतात.

मी याचा घरगुती प्रयोग केला. दोन सारखे ट्रे, एकाच ढिगातली माती, दोन्ही महिनाभर पावसात. एकातला हिरवा थर वाढू दिला, दुसऱ्यातला दर आठवड्याला खरवडला. मग दोन्ही विटेवर तिरके ठेवून झारीने सारखंच पाणी घातलं आणि खाली बरण्या लावल्या. रात्रभर ठेवल्यावर खरवडलेल्या ट्रेच्या बरणीत तळाशी गाळाचा थर स्पष्ट जाड होता. प्रामाणिकपणे हेही सांगते की तिसऱ्यांदा केला तेव्हा फरक जेमतेम दिसला, कारण मधे आठ दिवस उघडीप पडून पापुद्रा तडकला होता आणि कडांनी उचलला गेला होता. पापुद्र्याचं काम ओल असेपर्यंत चांगलं चालतं. मुलांना करायला द्या, शाळेच्या प्रकल्पाला झकास आहे.

दुसरं काम ओलाव्याचं. पाऊस थांबल्यावरही चकतीखालची माती शेजारच्या उघड्या मातीपेक्षा उशिरा सुकते. बोट घालून बघा. त्या ओलीत बारीक बियांना रुजायला जागा मिळते. कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यावर जांभ्यावर बोटभर माती असते, त्यातच गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू उगवतात. लोक फुलांचे फोटो काढायला वाटेबाहेर एक पाऊल टाकतात आणि त्या पावलाखाली नेमका हा पापुद्रा जातो. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कासही आहे. तिथल्या दोऱ्या फुलांसाठी बांधल्या असल्या तरी खालच्या या मंडळींचंही रक्षण करतात.

तिसरं, चकतीखालचं गाव. चकती पाण्यात चुबकवून ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. सूत्रकृमी वळवळताना हमखास दिसतात, रोटिफर चाक फिरवल्यासारखी तोंडं हलवतात. नशीब असेल तर टार्डिग्रेड, आठ पायांवर अस्वलासारखा डुलत जाणारा. ऑक्टोबरात चकती कुजली की तिचा देह त्याच मातीत मिसळतो. तिथे पुढच्या वर्षी गवत आलं तर रिक्सियाला जागा उरत नाही. ती बाजूच्या उघड्या तुकड्यावर सरकते. तिचं सगळं आयुष्य असं रिकाम्या जागेच्या मागे.

तिला मुळं नाहीत, त्यामुळे पाणी आणि क्षार जवळजवळ सगळ्या अंगाने शोषले जातात. पाण्यातून जे येईल ते थेट आत. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या फरशीच्या कडेच्या चकत्या दोन दिवसांत पांढऱ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. तणनाशक फवारलेल्या बांधावर शोधूच नका.

आता एक सावधगिरी. हे सगळं ऐकून कुणी 'रिक्सिया गेली तर सह्याद्री ढासळेल' असं लिहायला लागतो. नाही ढासळणार. ही एक लहान वनस्पती आहे, तिच्या आकाराएवढंच काम करते. आणि माळीकाकांचंही बरोबर आहे : जिन्याच्या पायरीवर ती असेल तर काढायलाच हवी, कुणाचा तरी खुबा मोडेल. आमचा तह असा झाला की वाटेवरचं काढायचं आणि टाकीमागचा दोन हात तुकडा सोडायचा.

९. एकच चकती, पूर्ण पावसाळा

पहिल्या वर्षी पन्नास जागा हिंडू नका. घराजवळची एक चकती निवडा, शेजारी खुणेचा दगड ठेवा आणि दर रविवारी एकाच उंचीवरून, आलेख-पट्टी ठेवून, एक फोटो काढा. वहीत चार ओळी : आठवड्याचा पाऊस, चकतीचा व्यास, रंग, नवीन काय.

उघडीप पडेल तेव्हा मुद्दाम जा. कडा आत वळतात, पाठ झाकली जाते, खालचे गडद खवले वर येतात आणि हिरवी चकती काळसर चुरगळ्यासारखी दिसते. मेली असं समजून मी एकदा वही बंद केली होती. मंगळवारी सर आली, बुधवारी ती पुन्हा हिरवी.

शेवटी फाट्यांची मागची बाजू कुजत पुढे सरकते. कूज दुभंगाच्या जागी पोहोचली की दोन फाटे सुटे होतात आणि एकीच्या दोन होतात. काही जातींत टोकाचा भाग जाड होऊन किंवा मातीत गाठ धरून उन्हाळा काढतो. बाकीच्यांचे फक्त बीजाणू उरतात.

१०. नोंद कुठे ठेवाल

इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट यांवर फोटो टाकता येतात. किमान चार टाका : पूर्ण चकती मापासह, टोकाची पन्हळ जवळून, खालची बाजू, आणि आजूबाजूची जागा. नाव 'रिक्सिया' एवढंच लिहा. घाईने जातीचं नाव लिहिलेल्या नोंदी नंतर कुणालाच वापरता येत नाहीत. माझ्या दोन अजून तशाच लटकल्या आहेत. जात ठरवायचीच असेल तर बीजाणूंचे फोटो आणि वाळलेली पुडी घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. पुण्यात असाल तर आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय कार्यालय आहे. दोन्हीकडे वनस्पतींचे संग्रह आहेत. आधी विचारून, वेळ घेऊन जा.

ऑक्टोबरात चकती दिसेनाशी झाली की दगड हलवू नका. पुढच्या जूनमध्ये नेमकी तीच जागा बघायची आहे. यंदा माझा दगड माळीकाकांनी उचलून तुळशीच्या कुंडीला टेकू दिला होता. दुसरा आणला आहे, त्याला पिवळा रंग फासला आहे आणि काकांना दाखवूनही ठेवला आहे.